पन्नास मिनिटांची खोली: एका ऑनलाइन समुपदेशनाचं प्रकरण

दुसऱ्या सेशनला कॅमेरा सुरू झाला तेव्हा तिच्या मागे भिंत नव्हती, गाडीची मागची सीट होती. फोन स्टिअरिंगला टेकवलेला, त्यामुळे मला तिची हनुवटी जास्त आणि डोळे कमी दिसत होते. काचा वर, इंजिन बंद. दहाएक मिनिटांत काचांवर वाफ धरली. "गाडीत का?" मी विचारलं. ती म्हणाली, "इथे नेटवर्क चांगलं येतं." तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क चांगलं येतं, हे मी ऐकून घ्यायलाच नको होतं. पुढच्या पाऊण तासात कॉल तीनदा तुटला.

या प्रकरणातलं वय, व्यवसाय, घरचे तपशील बदललेले आहेत आणि एकापेक्षा जास्त क्लायंटच्या गोष्टी त्यात मिसळलेल्या आहेत. कुणाला आपली शेजारीण ओळखू आल्यासारखी वाटली तर ती ती नाही. माझ्या म्हणून सांगितलेल्या चुका मात्र माझ्याच धरा.

ती ३४ वर्षांची. हिशेब तपासणीचं काम, आठवड्यातले तीन दिवस घरून. लग्नाला सात वर्षं. नवराही बहुतेक वेळ घरूनच काम करणारा. घर दोन खोल्यांचं. नाव नोंदवताना 'कशासाठी मदत हवी आहे' या रकान्यात तिने तीन छोटी वाक्यं लिहिली होती: झोप लागत नाही. छातीत धडधडतं. घरात बोलणं होत नाही. 'नवरा' हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

पहिलं सेशन: आकडे आणि नियम

जीएडी-७ ही चिंतेची सात प्रश्नांची चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ गुण, एकूण २१. ५, १० आणि १५ या चाचणीच्या पायऱ्या: सौम्य, मध्यम, तीव्र. तिचे १६ आले. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ वर २७ पैकी ९. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे तिने ० दिला होता. फॉर्मवरचा तो शून्य पाहून मी पुढे सरकत नाही, तोंडी पुन्हा विचारते. ऑनलाइन तर विचारतेच, कारण समोरच्या माणसाच्या हाताशी काय आहे हे मला दिसत नसतं.

दीड महिन्यापूर्वी ती रात्री छातीत दुखतंय म्हणून तातडीच्या विभागात जाऊन आली होती. ईसीजी नॉर्मल होता. 'टेन्शन घेऊ नका' असं सांगून तिला घरी पाठवलं होतं. हे वाक्य ऐकून कुणाचं टेन्शन गेल्याचं मला माहीत नाही. थायरॉइडची तपासणी मात्र झालेली नव्हती. धडधड, हात थरथरणं, झोप उडणं हे सगळं थायरॉइडचं काम वाढल्यावरही होतं, म्हणून ती तपासणी करून घ्यायला सांगितली. रिपोर्ट ठीक आला. दुपारनंतरच्या तीन कप कॉफीवर आम्ही फार वेळ घालवला नाही. ती तिने पहिल्याच आठवड्यात बंद केली, झोप किंचित सुधारली, बाकी त्रास होता तिथेच राहिला.

मग नियम. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ती आत्ता कुठे आहे ते सांगायचं, कारण काही बरंवाईट झालं तर मदत कुठे पाठवायची हे मला कळायला हवं. कॉल तुटला तर दोन मिनिटं वाट बघायची, मग मीच जोडायचा, तो नाही लागला तर साधा फोन करायचा. दोघींनीही मिळवायचा प्रयत्न केला की दोघींनाही 'व्यस्त' ऐकू येतं, हे प्रत्येक ऑनलाइन समुपदेशक एकदा तरी अनुभवातून शिकतो. रेकॉर्डिंग करायचं नाही, तिनेही आणि मीही. मध्येच कुणी खोलीत आलं तर 'हेडफोनचं चार्जिंग संपतंय' एवढं म्हणायचं, मी विषय बदलेन. अडचणीच्या वेळी कळवायचं माणूस म्हणून तिने बहिणीचा नंबर दिला. नवऱ्याचा नाही. मी तो लिहून घेतला आणि शेजारी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं.

ते सेशन तिने घरातूनच केलं होतं. आवाज इतका बारीक की मी माझा स्पीकर पूर्ण वाढवून ठेवला होता. आणि दर दोन-तीन मिनिटांनी तिची नजर स्क्रीनच्या उजव्या कडेपलीकडे जायची. तिकडे दार होतं.

मी काढलेला चुकीचा अर्थ

बारीक आवाज, दाराकडे नजर, पुढच्या वेळी थेट गाडी, संपर्कासाठी बहीण. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं: ही बाई नवऱ्याला घाबरते.

असं वाटल्यावर विचारायलाच हवं, आणि ऑनलाइन विचारायची एक रीत आहे. तोंडी विचारायचं नाही, कारण कुणी ऐकत असेल तर आपलाच प्रश्न तिला धोक्यात घालतो. मी चॅटच्या चौकटीत टाइप केलं: "आत्ता तुमच्या आसपास कुणी आहे का? फक्त हो किंवा नाही लिहा." नाही. "घरात कुणी तुमच्यावर हात उगारलाय का?" नाही. धमकी, फोन तपासणं, पैसे अडवून ठेवणं, बाहेर जायला मनाई. चारही वेळा नाही. शेवटी तिने आपण होऊन लिहिलं: "तो तसा नाहीये हो. तो काहीच करत नाही. काहीच."

त्या दुसऱ्या 'काहीच' कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. मी सुरक्षिततेची खूण केली आणि चौथ्या सेशनला वेगळ्या शब्दांत हेच सगळं पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. दोनदा विचारल्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या घरात मारहाण किंवा दहशत आहे तिथे जोडप्याला एकत्र बसवून 'संवाद सुधारण्याचे' धडे देणं धोक्याचं असतं, कारण सेशनमध्ये बोललेल्याची किंमत नंतर एकालाच मोजावी लागते. पण भीती कसली, हा प्रश्न मी एकाच दिशेने विचारत राहिले, तिथे चुकले.

५८ मेसेज

आता माझी मोठी चूक. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "मध्ये काही वाटलं तर मेसेज केला तर चालेल?" मी म्हटलं, चालेल. ऑनलाइन काम करताना 'चालेल' हा शब्द फार स्वस्तात तोंडातून निघून जातो.

सुरुवातीला मेसेज साधे होते. बॉसने मेलच्या शेवटी नेहमीचं 'धन्यवाद' लिहिलं नाही, याचा अर्थ काय असेल? काल झोपेत हृदय थांबल्यासारखं वाटलं, असं होतं का? तो जेवताना फोनच बघत होता, मी काही बोलले म्हणून असेल का? मी उत्तरं देत होते, मायेने आणि चटकन. तीन आठवड्यांनी जीएडी-७ पुन्हा भरून घेतला तर १६ चे १५ झाले होते, म्हणजे काहीच झालेलं नव्हतं. मी हे माझ्या सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकाकडून आपलं काम तपासून घेण्याच्या बैठकीत, मांडलं. सुपरव्हायझर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू उत्तर दिल्यावर बरं कुणाला वाटतं?"

पाचव्या सेशनला मी स्क्रीन शेअर केला आणि आम्ही दोघींनी मिळून ते सगळं संभाषण पहिल्यापासून वर-खाली सरकवत मोजलं. तिचे मेसेज ५८. त्यातले ४१ प्रश्नचिन्हावर संपणारे. माझी बहुतेक उत्तरं दहा मिनिटांच्या आतली. आणि खरी गोष्ट वेळांमध्ये होती. पहिल्या आठवड्यात माझ्या उत्तरानंतर पुढची शंका यायला अर्धा दिवस लागत होता. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं. ती हिशेब तपासणारी बाई. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "म्हणजे हप्ता वाढत चाललाय."

चिंतेत खात्री करून घेण्याचा व्यवहार असाच चालतो. उत्तर मिळालं की जिवाला क्षणभर थंडावा मिळतो, पण मन शिकतं ते हे की, थंडावा उत्तरामुळे आला. शंका सहन केली तर ती आपोआप उतरते हे शिकायची संधीच मिळत नाही. पुढच्या शंकेला पुन्हा उत्तर लागतं, आणि लवकर लागतं. ती हाच व्यवहार दिवसभर नवऱ्याशी करत होती ("रागावलायस का?", "काही झालंय का?", "खरंच काही नाही ना?"), ऑफिसात बॉसशी करत होती, आणि आता तिसरं खातं तिने माझ्याकडे उघडलं होतं. फरक इतकाच की माझ्याकडच्या खात्यावर तारीख-वेळेसह नोंदी होत्या. क्लिनिकमध्ये समोर बसून हे असं मोजता आलं नसतं. पडद्याच्या अवतीभवतीचं जे जे मी अडचण म्हणून बाजूला सारत होते, ती गाडी, ते दार, ते रात्री-बेरात्रीचे मेसेज, प्रकरण तिथेच होतं.

नवी घडी अशी बसवली: मेसेज फक्त वेळ ठरवण्यासाठी. बाकीच्या शंका वहीत लिहायच्या आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या अर्ध्या तासात, ठरलेल्या एकाच खुर्चीवर बसून त्यांची काळजी करायची. काळजीला अशी वेळ आणि जागा नेमून देण्याची पद्धत १९८३ साली थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ऐकायला बालिश वाटते. पण 'काळजी करू नकोस' या सल्ल्यापेक्षा 'आत्ता नको, सहा वाजता कर' हे पाळणं जमण्यासारखं असतं, आणि सहा वाजेपर्यंत निम्म्या काळज्यांचा जीव गेलेला असतो.

तिने सगळं मान्य केलं. सहाव्या सेशनच्या तासभर आधी मेसेज आला: 'आज जमणार नाही.' कारण नाही, प्रश्नचिन्ह नाही.

"तुम्हीसुद्धा"

सातव्या सेशनला ती आली, गाडीतूनच. पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. मग मी म्हटलं, "मी मेसेजला उत्तरं देणं बंद केलं, त्याचं तुम्हाला काय वाटलं?"

व्हिडिओवर शांतता फसवी असते. अर्धा सेकंद आवाज उशिरा पोचतो, आणि तेवढ्यात समोरचा अडखळला, बिचकला, नाराज झाला असं काहीही वाटू शकतं. नेटवर्क अडकलंय की माणूस, हेच कळत नाही. मी हललेसुद्धा नाही, पण चित्र गोठलेलं नाही हे तिला तरी कळावं, म्हणून फक्त पापण्या हलवत राहिले.

"तुम्हीसुद्धा गप्प बसलात," ती म्हणाली. "त्याच्यासारख्याच."

एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये समुपदेशनातल्या नात्याचे तीन धागे सांगितले होते: काय साधायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. मी दुसरा धागा ओढताना तिसरा उसवला होता. नियम बरोबर होता. तो लागू झाल्यावर तिच्याकडे तीन दिवस काय होईल याची चौकशी मी केली नव्हती. ते मी तिला तसंच सांगितलं आणि माफी मागितली. नियम मागे घेतला नाही.

मग आम्ही 'गप्प' या एका शब्दावर जवळजवळ सगळं सेशन घालवलं. कुणी गप्प बसलं की तिच्या मनात काय सुरू होतं? पहिलं, माझं काहीतरी चुकलं. दुसरं, ते मला शोधून काढलं पाहिजे. तिसरं, वेळेत नाही सापडलं तर तो जाईल. जाईल म्हणजे? "म्हणजे जाईल." तिच्या लहानपणी घरात कुणीतरी आठ-आठ दिवस अबोला धरायचं, हेही ती बोलून गेली. मी तिथे फार खोदलं नाही. मूळ सापडलं म्हणून झाड आपोआप वाळत नाही, आणि तिला त्या आठवड्यात जगायला काहीतरी हवं होतं.

त्याच रात्री १ वाजून १२ मिनिटांनी एक मेसेज आला. वेळ ठरवण्याचा नव्हता. "तो जाईल याची भीती वाटते कारण गेल्या वर्षी मीच जायचा विचार केला होता. त्याला माहीत नाही." जॉन सुलर यांनी २००४ साली ज्याला ऑनलाइन निर्बंधमुक्ती म्हटलं ती हीच. समोर डोळे नसतात, रात्र असते, बोटं चालत असतात, आणि पन्नास मिनिटांत जे ओठांवर येत नाही ते एका ओळीत निघून जातं. दुसऱ्या दिवशी माणूस स्वतःच दचकतो. मी सकाळी एवढंच कळवलं: 'मेसेज मिळाला, सेशनला बोलू.' आणि सेशनला आधी परवानगी मागितली, "ते इथे आणायचं की तिथेच राहू द्यायचं?" ती म्हणाली, "लिहिलं ते लिहिलं. आज नको." पुढे कधीतरी ती त्यावर बोलली, पण ते इथे सांगण्याचं नाही.

मधल्या दोन सेशन्सचं थोडक्यात. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पॅनिकच्या, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या, प्रारूपाप्रमाणे तिचा अटॅक शरीरातल्या बदलामुळे येत नाही, त्या बदलाचा आपण जो भयंकर अर्थ लावतो त्यामुळे फुगत जातो. धडधड म्हणजे हार्ट अटॅक, गरगरणं म्हणजे आता पडणार. म्हणून तीच संवेदना मुद्दाम आणायची आणि काही होत नाही हे अंगाने शिकायचं. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितल्यावर आम्ही दोघी आपापल्या कॅमेऱ्यासमोर एक मिनिट जागच्या जागी धावलो. ती गाडीबाहेर उतरून, फोन बॉनेटवर ठेवून. माझा लॅपटॉप हादऱ्याने टेबलावरून घसरला आणि तिला बराच वेळ माझ्या घराचं छत दिसत राहिलं. ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली. छातीत धडधडत असताना हसता येतं, हा त्या दिवशीचा धडा मी ठरवलेला नव्हता.

दार

नवव्या सेशनपर्यंत नेटवर्कची थाप टिकली नव्हती. गाडीत ती यायची कारण घरातली एक खोली पन्नास मिनिटं मागणं तिला अशक्य वाटत होतं. "मागितली तर काय होईल?" मी विचारलं. तिने पटापट सांगितलं: तो विचारेल, माझ्याबद्दल काय सांगतेस तिकडे. मग गप्प होईल. मग दोन दिवस तसाच. शक्यता किती? "नव्वद टक्के."

हा प्रयोग म्हणून ठरवला. सांगायचं वाक्य तिनेच लिहिलं, आणि ते चार वेळा छोटं केलं. पहिल्या मसुद्यात दोनदा 'सॉरी' आणि एकदा 'तुला चालत असेल तरच' होतं. शेवटी उरलं ते असं: "मंगळवारी नऊ ते दहा मला आतली खोली हवीय, दार लावून. मी समुपदेशकांशी बोलते." प्रयोगाचा दुसरा भाग जास्त कठीण होता. तो गप्प झाला तर 'रागावलायस का' विचारायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी चिंतेला १० पैकी गुण द्यायचे, बस.

तो म्हणाला, "बरं." आणि हेडफोन घालून बाहेर बसला. नंतर झोपेपर्यंत जेमतेम चार वाक्यं बोलला. तिच्या वहीत त्या रात्रीचे आकडे आहेत: ८, ८, ९, ७, ७, ६, ४, ४, ३. दोन तासांत आठाचे तीन झाले, कुणी काही खुलासा न करता. तिच्या बाबतीत असं आधी झालं नसेल असं नाही, पण तिने ते होताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, "काल मी दारावरून पाय न वाजवता जात होतो. ऐकू नाही ना आलं?" आणि थोड्या वेळाने, "गाडीत गुदमरत नव्हतं का?" त्याला गाडीचं दोन महिन्यांपासून माहीत होतं. एकदा काही आणायला पार्किंगमध्ये गेला असताना त्याने तिला वाफ धरलेल्या काचेआड रडताना पाहिलं होतं आणि तसाच परत फिरला होता. त्याने अर्थ काढला होता की ती त्याला सोडण्याबद्दल कुणाशी तरी बोलतेय. विचारलं तर ती खरंच सांगेल, म्हणून विचारलं नव्हतं.

म्हणजे मला जी भीती जाणवली होती ती घरात खरंच होती. फक्त दाराच्या दोन्ही बाजूंना होती.

दोन स्क्रीन, एक घर

त्यानंतर तो दोन सेशन्सना आला. जोडप्याचं समुपदेशन म्हणून नाही, तिच्या उपचारातला पाहुणा म्हणून. हे मी दोघांना आधी स्पष्ट केलं, आणि तिने एकटीने मला सांगितलेलं काहीही माझ्या तोंडून त्याला कळणार नाही हेही. जोडप्याचं काम करायचं तर गुपितांचा नियम पहिल्या दिवशी ठरवावा लागतो. मी तिची सात-आठ सेशन्स ऐकून बसलेली, निष्पक्ष कशी राहणार? म्हणून त्या दोघांना पुढे वाटलंच तर त्यासाठी वेगळ्या समुपदेशकाकडे जा असं सुचवलं.

पहिल्या वेळी दोघं एकाच फोनसमोर बसले. कॅमेऱ्यात एक पूर्ण चेहरा आणि एक कान. कान त्याचा. दुसऱ्या वेळी मी त्यांना दोन खोल्यांत दोन उपकरणांवर बसवलं, हेडफोन लावून, नाहीतर आवाज घुमतो. एकाच घरातून दोघं वेगवेगळ्या चौकटींत. हे विचित्र दिसतं, पण प्रत्येकाला स्वतःची चौकट मिळाली आणि तो दुप्पट बोलला.

जोडप्यांच्या अभ्यासात हा साचा जुना आहे: एक मागतो, दुसरा मागे सरतो, मागे सरला म्हणून पहिला जोरात मागतो, जोरात मागितलं म्हणून दुसरा आणखी आत जातो. ज्याला त्याला आपलं वागणं समोरच्याला दिलेलं उत्तर वाटतं, सुरुवात कुणालाच आपली वाटत नाही. दुसऱ्या सेशनमध्ये ती त्याला "मग तेव्हा का नाही बोललास?" असं तिसऱ्यांदा विचारत होती आणि तो निर्विकार बसला होता. मनगटावर घड्याळ होतं. मी म्हटलं, "तुमची नाडी काय दाखवतंय?" त्याने पाहिलं. ११२. ती आपल्या खोलीतून म्हणाली, "खोटं. तो तर दगडासारखा बसलाय."

जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणात नाड्या मोजून दाखवलं होतं की, वरून भिंत झालेला माणूस आतून बऱ्याचदा उकळत असतो. नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकून घेणं आणि शब्द शोधणं दोन्ही कठीण होतं, आणि शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात. हे वाचून ठाऊक असणं वेगळं. तिने तो आकडा नवऱ्याच्या तोंडून ऐकला, हे वेगळं. तिच्यासाठी त्याची शांतता सात वर्षं एकाच भाषेतली होती आणि तिचं भाषांतर ती एकटीच करत होती.

त्यांनी एक साधी तडजोड केली. त्याला थांबायचं असेल तर थांबायची मुभा, पण परत यायची वेळ सांगून. "मला वीस मिनिटं दे, सव्वानऊला येतो." आणि सव्वानऊला खरंच यायचं, बोलायला काही सुचलं नसलं तरी. तिच्याकडून, त्या वीस मिनिटांत दारावर टकटक नाही आणि मेसेज नाही. पहिल्या आठवड्यात तो एकदा पंचवीस मिनिटांनी आला आणि त्यावरून वेगळं भांडण झालं. ते मला शुभचिन्ह वाटलं. जुन्या भांडणात वेळ नावाची गोष्टच नव्हती.

कुठे पोचलो

सोळा आठवड्यांत बारा सेशन्स. जीएडी-७ शेवटी ७, पीएचक्यू-९ वर ४. पॅनिकचा एक अटॅक मध्ये येऊन गेला, ती त्या वेळी दवाखान्यात गेली नाही. मूल हवं की नको, हा त्यांचा मूळ वाद जिथे होता तिथेच आहे. निदान आता दोघांनाही तो वाद आहे हे माहीत आहे. बॉसच्या मेलमधलं 'धन्यवाद' ती अजून शोधते.

ऑनलाइनमुळे फायदा झाला की तोटा, असं मला विचारतात. चिंता आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात ऑनलाइन सीबीटीची (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) समोरासमोरच्या सीबीटीशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत परिणाम साधारण सारखेच दिसले आहेत, त्यामुळे तो प्रश्न मला फारसा पडत नाही. मला पडतो तो हा की, समोरचा माणूस बोलतोय कुठून, आणि तिथूनच का. आत्महत्येचे विचार ताजे असतील, वास्तवाचं भान सुटलं असेल, किंवा घरातच मारणारं कुणी असेल, तर नुसत्या स्क्रीनच्या भरवशावर राहत नाही, जवळपासची मदत जोडून देते. बाकीच्यांना आता मी पहिल्या दिवशी विचारते: या पन्नास मिनिटांची खोली तुम्ही कशी मिळवलीत? आणि मेसेजचं विचारलं तर लगेच 'चालेल' म्हणत नाही.

तीन महिन्यांनी पाठपुराव्याच्या सेशनला कॅमेरा सुरू झाला आणि मागे पुन्हा गाडीची सीट. माझा चेहरा पडलेला तिला दिसला असावा. "अहो, नाही," ती म्हणाली, "आत त्याची मीटिंग चाललीय. मीच म्हटलं, आज तू घे खोली." जीएडी-७ चा पहिला प्रश्न मी वाचायला घेतला. तेवढ्यात शेजारून कुणीतरी गाडी काढताना मोठ्याने हॉर्न दिला. तिच्या बाजूची काच पूर्ण खाली होती. तिने ती तशीच ठेवली, गाडी जाईपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "हं, विचारा. गेल्या दोन आठवड्यांत काय?"